पोट लहान झाले, पण रात्री खाण्यावर ताबा राहत नाही

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे आहे. दोन वर्षे चार महिन्यांपूर्वी माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११८ किलो होते. चौदा महिन्यांत ते ७९ किलोंवर आले, पण त्यानंतर हळूहळू वाढत आज ८८ झाले आहे. जेवताना मी आजही थोडेच खाते, चार घासांत पोट भरते. मात्र संध्याकाळपासून तोंड चालूच असते : येता-जाता दोन बिस्किटे, मुठीत मावतील एवढे वेफर्स. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवाही न लावता मी फ्रिजसमोर उभी राहते, डब्यातले एक चमचा आइस्क्रीम खाते, झाकण लावून डबा आत ठेवते आणि दोन मिनिटांत पुन्हा बाहेर काढते. एका रात्रीत असे सहा-सात वेळा होते. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुपारपर्यंत काही खात नाही. पूर्वीही मन उदास झाले की मी खातच असे. शस्त्रक्रियेआधी समुपदेशकांनी विचारले तेव्हा मात्र, शस्त्रक्रिया नाकारतील या भीतीने, मी ते लपवले. शेवटच्या दोन तपासण्यांना मी गेलेले नाही. नवरा म्हणतो, ‘एवढे सगळे करून पुन्हा तेच?’ माझे पोट पुन्हा मोठे झाले आहे का? दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी का? डॉक्टरांना तोंड दाखवायची लाज वाटते.
– एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या झाकणापाशी थांबले. ज्याला डबाभर आइस्क्रीम खायचे असते, तो डबा घेऊन निवांत बसतो. तुम्ही प्रत्येक चमच्यानंतर झाकण लावता, डबा जागेवर ठेवता, कारण हा शेवटचा चमचा आहे असे तुम्हाला त्या क्षणी मनापासून वाटत असते. म्हणजे एका रात्रीत सहा-सात वेळा तुम्ही थांबण्याचा प्रयत्न करता आणि सहा-सात वेळा तो प्रयत्न मोडतो. याला हावरटपणा म्हणणे चुकीचे आहे. खाण्यावरचा ताबा सुटणे असे याचे सरळ नाव आहे, आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर किती खाल्ले यापेक्षा ताबा सुटला का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

हे जरा सविस्तर सांगते, कारण अनेक रुग्णांची इथेच फसगत होते. अनावर खाण्याच्या विकाराचे वर्णन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये केले आणि २०१३ साली अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. त्या व्याख्येत दोन अटी एकत्र आहेत : थोड्या वेळात इतरांच्या मानाने पुष्कळ खाणे आणि खाताना थांबता येत नाही अशी भावना असणे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, त्यामुळे पहिली अट पूर्ण होणे शरीरालाच जवळजवळ अशक्य होऊन बसते. मग रुग्णाला वाटते, आपण कुठे ताटभर खातो, आपल्याला तो विकार असणारच नाही. दुसरी अट मात्र जशीच्या तशी राहू शकते. ताबा सुटल्याची भावना, लपून खाणे, नंतरची शरम आणि दुसऱ्या दिवशीची भरपाई हे सारे एका चमच्याभोवतीही तितक्याच जोराने फिरू शकते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या ३६१ जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रियेपूर्वी कुणाचा ताबा सुटत होता यावरून पुढे वजन किती उतरेल याचा अंदाज बांधता आला नाही. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा ताबा सुटत होता, त्यांचे वजन मात्र एक वर्षानंतर आणि दोन वर्षांनंतरही कमी प्रमाणात उतरलेले दिसले. त्यामुळे समुपदेशकांपासून काही लपवले, या गोष्टीची बोच तुम्ही आता मनातून काढून टाकावी असे मला वाटते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मुलाखतीत बरेच जण आपली चांगली बाजू तेवढी पुढे करतात. ज्या दारातून आत जायचे आहे, त्या दारावरच्या माणसाशी मोकळेपणाने बोलणे कुणालाही कठीण जाते. तेव्हा जे सांगितले नाही त्याने तुमची शस्त्रक्रिया वाया गेली, असे मानायला आधार नाही. आज जे चालले आहे ते सांगितले नाही, तर मात्र नुकसान होत राहील.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. पोट पुन्हा मोठे झाले का? स्लीव्ह काळानुसार थोडी सैलावते, ते अपेक्षितच असते, आणि नेमके काय झाले आहे हे तपासणीशिवाय कुणीच छातीठोकपणे सांगू नये. पण तुमच्याच पत्रात एक चांगला पुरावा आहे. जेवताना चार घासांत पोट भरते, असे तुम्ही लिहिता. म्हणजे घट्ट, चावून खाण्याच्या अन्नापुरते तुमचे लहान झालेले जठर आपले काम करत आहे. आइस्क्रीम वितळते, बिस्किटे आणि वेफर्स तोंडातच विरघळून पातळ होतात. अशा पदार्थांमुळे जठरावर दाब येत नाही, ते अडखळत नाहीत आणि पोट भरल्याची खूणही नीट मिळत नाही. शिवाय दोन घासांमध्ये पंधरा-वीस मिनिटे गेली की जागा रिकामी झालेली असते. लहान जठर एका वेळचे जेवण रोखू शकते. संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत चालणारे तोंड रोखण्यासाठी त्याची रचनाच झालेली नाही. साध्या आइस्क्रीमच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० कॅलरी असतात. चमच्याचमच्याने तेवढे सहज पोटात जाते, आणि पोटाला पत्ता लागत नाही.

वजनाच्या आकड्यांबद्दलही दोन शब्द. ११८ वरून ७९, म्हणजे तुमचे ३९ किलो उतरले होते, मूळ वजनाच्या ३३ टक्के. आज ८८ किलो असतानाही तुम्ही मूळ वजनापेक्षा ३० किलोंनी, म्हणजे सुमारे २५ टक्क्यांनी खाली आहात. १९८७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या, अशा शस्त्रक्रियांच्या एका मोठ्या आणि दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत उतरले आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. तुमची शस्त्रक्रिया वेगळी असल्यामुळे ही तुलना ताणू नये, पण नीचांक गाठल्यावर काही वजन परत येणे हा बहुतेकांचा अनुभव आहे, एवढे त्यातून नक्की कळते. खोटा दिलासा मात्र मी देणार नाही. त्या लोकांचे जेवढे वजन आठ-नऊ वर्षांत परत आले, तेवढे तुमचे चौदा महिन्यांत आले आहे. ‘सगळे बिघडले’ म्हणण्यासारखी ही स्थिती नाही. ‘पाहू पुढच्या वर्षी’ म्हणण्यासारखीही नाही.

असे का होते? शरीराची बाजू आधी थोडक्यात सांगते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या ज्या भागात तयार होते, तो भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. आतड्यांतून येणारी, पोट भरल्याचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात. म्हणून पहिले काही महिने भुकेची आठवणही येत नाही आणि खाण्याच्या सवयी सुधारल्या आहेत असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्या सवयींची परीक्षाच झालेली नसते. पुढे शरीर नव्या वजनाशी जुळवून घेते, लहान झालेल्या देहाला ऊर्जाही कमी लागते, आणि साधारण वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास भूक व खाण्याचे विचार परत येऊ लागतात.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. कौतुक थांबते. पहिल्या वर्षी भेटेल तो माणूस डोळे विस्फारतो, जुने कपडे सैल होतात, दर आठवड्याला काटा खाली येतो, डॉक्टर पाठ थोपटतात. हा रोजचा आनंद खूप मोठा असतो आणि पूर्वी खाण्यातून मिळणाऱ्या दिलाशाची जागा तो काही काळ भरून काढतो. मग सगळ्यांना तुमच्या नव्या रूपाची सवय होते, काटा एका जागी थांबतो, त्वचा सैल पडलेली दिसते, संसारातली आणि कामावरची जुनी दुखणी जिथल्या तिथे आहेत हे लक्षात येते. ज्या गोष्टी वजन उतरल्यावर आपोआप सुटतील असे मनाशी धरलेले असते, त्यांपैकी कितीतरी सुटत नाहीत. तुमचे वजन चौदाव्या महिन्यात नीचांकावर होते आणि त्यानंतर चढू लागले. त्या दिवसांत तुमच्या आयुष्यात काय चालले होते, ते एकदा शांतपणे आठवून पाहा. काटा वळण्याआधी मन वळलेले असते, असे मी माझ्या कामात वारंवार पाहिले आहे.

मन उदास झाले की पूर्वीही खात असे, असे तुम्ही लिहिता. खाणे हे तुमच्यासाठी पुष्कळ वर्षे औषधासारखे काम करत आले आहे : चटकन मिळणारे, कुणाला काही न मागता घेता येणारे, दहा मिनिटे का होईना पण मन शांत करणारे. शस्त्रक्रियेने त्याची मात्रा बदलली, दुखणे काढले नाही. मोठ्या ताटाची वाट बंद झाली तेव्हा तीच गरज छोट्या घासांच्या वाटेने बाहेर पडली. भूक नसताना, ठरवलेले नसताना, थोडे थोडे सतत तोंडात टाकत राहणे हे शस्त्रक्रियेनंतरच्या वजनवाढीशी जोडल्या गेलेल्या सवयींमध्ये अगदी वरच्या क्रमांकावर आहे. आपण सहज म्हणतो ना, ‘दिवसभर चरत असतो’, हे तेच. मात्र त्यातही फरक आहे. संध्याकाळची बिस्किटे बहुधा नकळत, हाताच्या सवयीने जातात. रात्रीचा डबा मात्र तुम्हाला पूर्ण कळत असतो आणि तरीही थांबता येत नाही. पहिल्यासाठी घरातली मांडणी आणि वेळापत्रक बदलून बरेच काही साधते. दुसऱ्यासाठी मदत लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

तुमच्या पत्रात जी गोष्ट सर्वांत आधी बदलायला हवी असे मला वाटते, ती आइस्क्रीमची नाही. ती सकाळच्या उपाशी राहण्याची आहे.

दुपारपर्यंत काही न खाणे ही तुम्हाला शिस्त वाटते, पण रात्रीच्या डब्याची तयारी तिथेच सुरू होते. १९४४ ते १९४५ या काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून काय होते ते पाहिले. हे तरुण निवडताना शरीराने आणि मनाने धडधाकट असेच निवडले होते. तरीही भुकेने ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, आणि पुन्हा हवे तेवढे खायला मिळू लागल्यावर त्यांच्यापैकी काहींना थांबणे अवघड झाले. उपासमारीने चांगल्या मनाचेही असे होते. तुमच्या एवढ्याशा जठरात एका वेळी फारसे मावत नाही. त्यात सकाळचे खाणे गेले तर दिवसभराची प्रथिने भरून काढण्याची संधीच उरत नाही. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि ती दोन-तीन जेवणांत विभागूनच शक्य होतात.

म्हणून आदल्या रात्री काहीही झाले असले तरी दुसऱ्या दिवशी उठल्यापासून तासाभरात ठरलेले खा, त्यानंतर दर तीन-चार तासांनी ठरलेले खा, प्रत्येक वेळी प्रथिनांपासून सुरुवात करा, बसून खा आणि वीस ते तीस मिनिटे द्या. पाणी जेवताना नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने. हे सारे तुम्हाला सुरुवातीला सांगितले गेले असेलच. पहिल्या वर्षी ते पाळले गेले, कारण तेव्हा भूकच नव्हती. खरी गरज त्याची आता आहे. आदल्या रात्रीची शिक्षा म्हणून सकाळचे खाणे वगळायचे नाही, एवढे एकच पथ्य पहिले दोन आठवडे पाळलेत तरी चालेल. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतील.

दुसरे काम वहीचे. कॅलरी लिहू नका, त्या लिहिल्याने तुमच्या अपराधीपणात भरच पडेल. खाल्ले की लगेच चार गोष्टी लिहा : किती वाजले, कुठे होते, पोटात भूक किती होती, आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले. रात्री आठवून लिहिलेली वही उपयोगाची नसते. आठवणीत आपण बरेच गाळतो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात वेळांखेरीज काहीच लिहिले नव्हते : ९.४०, ९.५२, १०.०५, १०.११. त्या चार आकड्यांकडे पाहून ते म्हणाले, ‘मुलीचा फोन साडेनऊला येतो.’ ती मुलगी दूर राहायला गेल्यापासून ते एकटे पडले होते आणि फोन ठेवल्यावरची शांतता त्यांना सहन होत नव्हती. वेळा समोर दिसेपर्यंत त्यांना ते कधी जाणवले नव्हते.

तुमच्या वहीत काय दिसेल ते मी सांगू शकत नाही, पण पत्रातून एक तर्क मांडते, पटला तर घ्या. ‘सगळे झोपल्यावर’ असे तुम्ही लिहिले आहे. कदाचित दिवसभरात कुणी तुमच्याकडे काही मागत नाही, अशी ती एकच वेळ असेल. तसे असेल, तर त्या अर्ध्या तासावर घाला घालू नका. ‘दहा वाजता मुकाट्याने झोपायचे’ असा नियम केलात, तर तुम्ही स्वतःकडून आइस्क्रीमबरोबर तो एकांतही काढून घ्याल आणि मन दुप्पट जोराने उसळेल. अर्धा तास तुमचाच राहू द्या, जागा बदला. स्वयंपाकघराऐवजी दुसरी खोली, दिवा लावलेला, हातात काहीतरी काम किंवा कानाला काहीतरी ऐकायला. आणि खरोखरच आइस्क्रीम खावेसे वाटले, तर वाटीत दोन चमचे काढून, दिवा लावून, टेबलाशी बसून खा. हे मी कौतुकाने सांगत नाही, विचारपूर्वक सांगते. पूर्ण बंदी घातलेला पदार्थच बहुधा पुढच्या वेळी ताबा सोडवतो. अंधारात उभ्याने खाल्लेला चमचा कधी मोजला जात नाही. वाटीतल्या दोन चमच्यांना सुरुवात असते आणि शेवटही असतो. काही आठवडे मोठा डबा घरात न आणणे हे मात्र शहाणपणाचे. इतरांसाठी आणायचेच असेल तर एकेकट्या खाण्याचे छोटे कप आणता येतील.

गोडाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. गोड खाल्ले की मळमळ, धडधड, घाम असा त्रास होतो, त्याला डंपिंग म्हणतात, आणि तो त्रासच आपल्याला आवरेल असे काही जणांना वाटते. हा त्रास बायपासनंतर अधिक दिसतो, सगळ्यांना होत नाही आणि चमच्याचमच्याने खाल्ले तर बहुधा टळतो. त्याच्या भरवशावर राहू नये.

वही आणि वेळापत्रक यांनी काही जणांचे निभावते. तुमच्या बाबतीत मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण ताबा सुटणे, लपवणे आणि उपाशी राहणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. अशा वेळी वर्तन आणि विचार या दोन्हींवर काम करणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती सर्वांत उपयोगी ठरते. त्यात लहानपण उकरत वर्षानुवर्षे बसावे लागत नाही. नियमित खाणे बसवणे, कोणत्या प्रसंगी हात डब्याकडे जातो ते ओळखणे, त्या प्रसंगाला दुसरे उत्तर तयार ठेवणे आणि ‘एक चमचा खाल्ला म्हणजे आजचा दिवस गेला’ यासारख्या विचारांना तपासायला शिकणे, असे तिचे ठोस टप्पे असतात. वजन परत चढू लागल्याच्या काळात ही पद्धत विशेष कामाची असते, कारण शस्त्रक्रियेपूर्वी आणि पहिल्या वर्षी रुग्णाला ती कशासाठी हवी हेच नीट उमगत नाही. खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेला मानसशास्त्रज्ञ तुमच्या शस्त्रक्रियेच्या गटातच असेल तर उत्तम. उदासी कायम वाटत असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. मनाच्या आजारासाठी आधीपासून गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःहून बंद करू नका, पण त्यांची यादी दाखवा; काही औषधांनी वजन वाढते आणि त्यांना पर्याय असू शकतात.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, पण विचारल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मद्य घेत असाल, तर या शस्त्रक्रियेनंतर ते अधिक वेगाने चढते, आणि खाण्यातून मिळणारा दिलासा काही जण नकळत तिकडे शोधू लागतात. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात बायपासनंतरच्या पाच वर्षांत सुमारे पाचातील एकामध्ये मद्याच्या समस्येची नवी लक्षणे दिसली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात काही जणांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. तुम्हाला असे काही वाटत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. खाल्लेले मुद्दाम उलटून काढत असाल तर तेही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. वारंवार उलट्या झाल्या तर ब-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदू आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

नवऱ्याच्या बोलण्याने तुम्हाला किती लागले असेल हे कळते. ‘पुन्हा तेच’ म्हणताना कदाचित त्यांना त्यांची स्वतःची भीती सांगता येत नसेल. पण कारण काहीही असले तरी असे बोलणे माणसाला अंधारात खायला ढकलते. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. दुपारच्या निवांत वेळी एवढेच सांगा : ‘माझ्या वजनाबद्दल बोलू नका. रात्री साडेदहाला माझ्याबरोबर वीस मिनिटे बसा.’ काय करू नये हे ऐकण्यापेक्षा काय करावे हे ऐकणे माणसाला सोपे जाते. आणि पुढच्या तपासणीला ते बरोबर आले तर फारच बरे. पोट लहान झाल्यानंतरही भूक मनात कशी उरते, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले बरे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आज तो प्रश्नच नाही. स्लीव्हनंतर बायपास करता येतो आणि काहींना त्याची खरी गरजही असते, पण त्याआधी दुर्बिणीने किंवा क्ष-किरण तपासणीने जठराच्या रचनेत काही दोष आहे का ते पाहावे लागते. दोष नसेल आणि चमच्याचमच्याने चाललेले खाणे तसेच राहिले, तर नव्या शस्त्रक्रियेचीही तीच गत होईल. अलीकडे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड यांसारखी भूक आणि खाण्याचे विचार कमी करणारी इंजेक्शने शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेल्यांनाही दिली जातात. तुमच्या डॉक्टरांनी ती सुचवली, तर तो तुमचा पराभव समजू नका. मात्र मनावरचे काम त्यांच्या जोडीने चालू ठेवा, इंजेक्शने मिळाली म्हणून ते थांबवू नका.

राहिली लाज. चुकवलेल्या दोन तपासण्या मला त्या नऊ किलोंपेक्षा अधिक काळजीच्या वाटतात. तपासणीला येत राहणाऱ्यांचे वजन येणे सोडणाऱ्यांपेक्षा चांगले टिकते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आणि वजन वाढले की माणूस नेमका तेव्हाच जाणे थांबवतो. शिवाय या काळात लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी झाले का हेही कुणी पाहिलेले नाही. त्यांच्या अभावानेही थकवा आणि उदासी येते, आणि थकलेले मन खाण्याकडे लवकर वळते. थायरॉइडही पाहायला हवे. तुमच्या गटातल्या डॉक्टरांनी वजन परत चढलेले कितीतरी रुग्ण पाहिलेले असतात. तुम्ही त्यांना चकित करू शकणार नाही. तिथे कुणी खरेच टाकून बोलले, तर तो त्यांचा दोष समजा आणि दुसऱ्या केंद्रात जा, पण तपासणी सोडू नका.

फोन करताना काय बोलावे हे सुचत नसेल, तर हे वाक्य कागदावर लिहून वाचून दाखवा : ‘माझ्या दोन तपासण्या चुकल्या आहेत, वजन नऊ किलोंनी वाढले आहे, आणि रात्री खाण्यावर माझा ताबा राहत नाही. मला डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तिघांचीही वेळ हवी आहे.’ शेवटचा भाग गाळू नका. तो गाळलात तर नुसता आहाराचा नवा तक्ता हातात पडेल, आणि तो तक्ता तुमच्याकडे आधीपासूनच आहे. भेटीला जाताना वही बरोबर न्या. झाकण किती वेळा उघडले तो आकडाही तिच्यात असू द्या. मानसशास्त्रज्ञांना पहिला प्रश्न तिथूनच विचारता येईल.